चौकीवरच्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडम दार उघडताना "बोला" म्हणायच्या. समोर कोण आहे ते बघायच्याही आधी. दूधवाला असो, सोसायटीचा वॉचमन असो, मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणारी माणसं असोत, आधी "बोला". आणि आपलं बोलून झालं की "ठेवते" म्हणून आत वळायच्या. समोरचा माणूस तसाच उभा. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, आधी ऑपरेटर म्हणून, मग सुपरवायझर म्हणून. फोन सुटले, पण ती दोन टोकं राहिली. मी कामाचं विचारायला गेले त्या दिवशी त्या "ठेवते" म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, नाही म्हणाल्या. मी जिना उतरले. वरून हाक आली, "अहो, कुठं चाललात? उद्या दहाला या. पोळ्या पातळ लागतात मला."

वारज्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. मॅडम एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. मला कुणाला काही विचारायची सवय नाही. हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती होती, तिच्यापुढे रोज सकाळी मेणबत्ती लागायची, पौर्णिमेला मी खीर करायची. बाकी घरात देखाव्याची वस्तू नव्हती. फक्त टीव्ही मोठा होता. एवढा मोठा की पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोरून वाकून गेले.

रविवारी मला दुपारी साडेतीनला पुन्हा जावं लागायचं, कारण चारला माणसं यायची. त्या दिवशी मॅडम कांजीची सुती साडी नेसायच्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या आणि कामावर निघाल्यासारख्या खुर्चीत बसायच्या. टीव्हीवर लागायची "आसमानी चौकी".

ही एक परदेशातली जुनी मालिका. मॅडमनी ती पहिल्यांदा हिंदीत पाहिली, नोकरीत असताना. ती संपून किती वर्षं झाली, पण या लोकांनी ती संपू दिली नव्हती. तिच्यात आकाशात अगदी शेवटच्या ताऱ्यापाशी एक चौकी आहे. तिथं बारा माणसं राहतात. पुढे नुसता काळोख. वर्षातून एकदा जहाज येतं, खाणं आणि हवा घेऊन. इरा नावाची बाई कॅप्टन आहे. एक डॉक्टर आहे, जो सगळ्यांना आवडतो. आणि चौकी चालवणारं एक यंत्र आहे, ते बोलतं. हिंदीवाल्यांनी त्याला म्हाताऱ्या बाईचा आवाज दिला आणि नाव ठेवलं मौसी. हिंदीत असल्यामुळे मलाही कळायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची, हातात काहीतरी निवडायला घेऊन.

येणारी माणसं तीनच. परांजपे काका बँकेतून रिटायर झालेले, कोथरूडहून रिक्षाने यायचे. रोहित अमरावतीकडचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. श्रुती कॉलेजात, विज्ञान शिकणारी. तिघांना मॅडमनी कसं जमवलं ते काका नेहमी सांगायचे. वाचनालयाच्या फळ्यावर मॅडमनी हातानं लिहून चिठ्ठी लावली होती: "आसमानी चौकी पाहिलेले कोणी हयात असल्यास रविवारी चारला यावे. चपला बाहेर काढाव्यात. मत असल्यासच बसावे."

मतं पुष्कळ होती. एपिसोड चालू असताना बोलायचं नाही हा मॅडमचा नियम. बोलेल त्याला चहा शेवटी. पण संपला की मग घर दणाणायचं. मला आधी वाटायचं भांडण लागलंय. मग लक्षात आलं, हे यासाठीच येतात.

"तिसऱ्या सीझनचा सातवा," परांजपे काका दर दोन महिन्यांनी सांगायचे, जणू पहिल्यांदाच. "डॉक्टर दाराबाहेर अडकलाय, आत हवा थोडी. दार उघडलं तर सगळे जाणार. कॅप्टन उघडत नाही. अकरांसाठी एक. याला म्हणतात लेखन."

"पण काका, दुसऱ्या एपिसोडमध्ये स्टोअरमध्ये दोन स्पेससूट दाखवले होते ना," रोहित म्हणायचा. "दुसरा सूट कुठं गेला? काय बोलून राहिले तुम्ही. प्लॉटमध्येच भोक आहे."

"भोक तुझ्या डोक्यात आहे."

"तो सूट फाटलेला असतो," श्रुती सांगायची. "मौसी सांगते ना स्पष्ट."

"मौसी काही सांगत नाही. मूळ इंग्रजीत तो पुरुषाचा आवाज आहे. मौसी हे हिंदीवाल्यांचं पाप."

मग मॅडम, आवाज न चढवता: "परांजपे, मूळ इंग्रजीतलं निम्मं आपल्याला कळत नव्हतं, हे आपणच दिवाळीत सांगितलंत. चहा घ्या."

मॅडमचा स्वतःचा आवडता एपिसोड कुणालाच आवडायचा नाही. चौथ्या सीझनमधला. जहाजाला उशीर झालाय. उरलेली अकरा माणसं वाट बघतात. एक जण बूट शिवतो. एक जण दुसऱ्याचे केस कापतो. कॅप्टन एका डब्यातलं शेवटचं लोणचं सगळ्यांना बोटबोटभर देते. शेवटी जहाज आलं की नाही, तेही दाखवत नाहीत.

"यात कथानक कुठं आहे?" काका चिडायचे.

"तुमच्या आयुष्यात कुठं आहे? तरी आम्ही दर रविवारी ऐकून घेतो ना."

सगळे हसले, काकाही. मग मॅडमनी एकदा खुलासा केला. "आम्ही दहा जणी बोर्डापुढे बसायचो. लोकांना वाटायचं या दिवसभर बोलतात. कॉल तीन मिनिटांचा असायचा. लाइन लागायची वाट बघणं तीन तासांचं. कुणाचा मुलगा दवाखान्यात, कुणाची आई गेलेली, पलीकडून विचारतायत, ताई लागली का लाइन. नाही लागली. तुम्ही सगळ्यांनी ती तीन मिनिटंच बघितलीत. या एका लेखकानं ते तीन तास बघितले." आणि लगेच, "ठेवते," म्हणून उठून बाल्कनीत गेल्या.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती, एक्स्चेंजच्या रजिस्टरसारखी रेघा मारलेली. तारीख, सीझन, एपिसोड, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे तीनच. लागला. लागला नाही. मध्येच तुटला. त्याच्या बाजूला एखाददुसरी ओळ. पुढे पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एका सोमवारी मी कणीक मळत होते, तर त्या वही घेऊन आत आल्या.

"शालन, तुला लिहिता येतं ना?"

"चौथीपर्यंत."

"चौथी पुष्कळ झाली. जोडाक्षर अडलं तर जागा सोड, मागून बघू."

तेव्हापासून दर सोमवारी त्या सांगायच्या आणि मी लिहायची. हात धुऊन, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून. पहिल्या दिवशी एवढंच लिहिलं: "डॉक्टर दाराबाहेर राहिला. कॅप्टनने दार उघडले नाही. मी असते तर उघडले असते. मग आम्ही सगळे गेलो असतो. लागला." त्यांनी माझं अक्षर चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बरं आहे. बँकेतल्या माणसापेक्षा तर पुष्कळच बरं." मी खाली मान घालून कणीक मळायला लागले. मळलेलीच होती ती.

शेवटच्या सीझनमध्ये डॉक्टर परत येतो. कसं ते मला नीट समजलं नाही, काहीतरी दुसऱ्या काळातून. मॅडमना ते अजिबात खपायचं नाही. "गेलेला माणूस परत आणायचा म्हणजे जे रडले त्यांना वेड्यात काढायचं," त्या म्हणायच्या. "मला विचारलं असतं तर मी लाइन दिली नसती." दर वेळी रोहित त्यांच्या बाजूने, श्रुती विरुद्ध, काका मॅडमच्या बाजूने. पण ज्या वर्षी काकांच्या मिसेस गेल्या, त्या वर्षी तो एपिसोड लागला आणि काका काहीच बोलले नाहीत. मॅडम म्हणाल्या, "काय परांजपे, आज मत नाही?" काका बशीत चहा ओतत म्हणाले, "आणला परत तर बिघडलं काय. दार उघडलं आणि दिसला. एवढंच."

मॅडमनी वाद घातला नाही. हे मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं: "डॉक्टर परत आला. लागला नाही. परांजपे म्हणतात बरे झाले. त्यांचे त्यांच्यापुरते बरोबर आहे." मग थोडं थांबून, "पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी थालीपीठ कर. त्या करायच्या म्हणे."

त्यांचं विसरणं कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात ते लवकर दिसलं असतं. माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागला की घरातले लोक एकमेकांकडे बघतात. इथं तीच गोष्ट पुन्हा सांगणं हीच रविवारची रीत होती. एकदा लागोपाठ दोन रविवार मॅडमनी तोच एपिसोड लावला आणि तेच बोलल्या, त्याच शब्दांत, लाइन आणि तीन मिनिटं आणि तीन तास. तिघांनी दोन्ही वेळा मन लावून ऐकलं. रोहित तर म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही कितीही वेळा सांगा." मी दारात उभी होते. मला ते खटकलं. पण मी कोण सांगणारी? आणि काय सांगणार, की मॅडम तेच बोलल्या? तेच बोलायला तर ते जमायचे.

मग त्या रोहितला एकदा अशोक म्हणाल्या. अशोक हे त्यांच्या भावाचं नाव, तो कधीच वारलेला. रोहितला वाटलं मालिकेत कुणी अशोक आहे का, तो आठवत बसला. मग दूध उतू जाऊन भांडं जळलं. मग एके सकाळी मी जिन्यातच होते तर गॅसचा वास आला. बटण चालू, ज्योत नाही, मॅडम बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." दुसऱ्यांदा मी नव्हते. शेजारच्यांना वास आला आणि त्यांनी नागपूरला फोन केला.

नागपूरला मॅडमचा भाचा, अभिजीत. अशोकचा मुलगा. सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर. मी त्याला वाईट म्हणणार नाही. दर दिवाळीला यायचा, आत्याच्या पाया पडायचा, मला शालनताई म्हणायचा. या वेळी आला तो चेहरा उतरलेला. दोन दिवसांची रजा काढून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डॉक्टरीणबाई घरी आल्या. तरुण होत्या, मऊ बोलायच्या. हातात कागद होता, त्यावर प्रश्न.

मॅडमनी दार उघडलं, "बोला." त्या बसल्या. अभिजीत कोपऱ्यात. मी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या नेहमीच्या जागी.

"मॅडम, आज वार कोणता?"

"कुठला? इथला की चौकीवरचा?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मलाही हसू आलं. रविवारी असं उत्तर आलं असतं तर काकांनी मांडीवर थाप मारली असती.

"घरात कोण कोण असतं?"

"बारा जण. त्यातला एक गेला होता. पण त्याला परत आणलाय, मला न विचारता."

अभिजीत पुढे झुकला. मी मनात म्हटलं, मॅडम, आता पुरे, याला माहीत नाही. आणि तेव्हा मला दिसलं की बोलता बोलता त्यांची नजर टीपॉयवरच्या पेपरकडे जातेय. पेपर उलटा पडला होता. तारीख खालच्या बाजूला गेलेली. त्या बोटांनी तो हळूच सरकवत होत्या. त्यांना वार माहीत नव्हता. थट्टा त्यांनी तेवढ्यासाठी केली होती, पेपर सरकेपर्यंत वेळ काढायला.

डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द सांगितले, घर, केळं, रुमाल, आणि म्हणाल्या, थोड्या वेळाने विचारीन. थोड्या वेळाने विचारलं. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "अहो, तुम्हीच विसरलात काय आत्ता?" म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज येता ना इथे? या अशा नसलेल्या माणसांबद्दल बोलतात का? कॅप्टन, डॉक्टर, असं?"

मी म्हटलं, "हो."

खरंच होतं ते. पण ते अर्धं होतं. मला म्हणायचं होतं की एकट्या नाही बोलत, चार जण बोलतात. परांजपे काकांना दोन नातवंडं आहेत, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, आणि ते त्या डॉक्टरसाठी रडलेत. मला म्हणायचं होतं की ते खोटं आहे हे मॅडमना पक्कं माहीत आहे, विसरतात ते वार, दूध, गॅस. नसलेली माणसं त्यांना सगळी पाठ आहेत. असलेलं निसटतंय. हे सगळं माझ्या तोंडात होतं. "हो" तेवढं बाहेर आलं आणि बाईंनी ते कागदावर लिहिलं. माणूस लिहायला लागला की मला मध्ये बोलता येत नाही.

त्या गेल्यावर अभिजीतला टीव्हीखालची लांबट वही सापडली. उभ्यानेच त्याने चार पानं वाचली. "शालनताई, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आत्यानं सांगितलं तसं लिहिलंत?"

"हो."

त्याने वही मिटून जागेवर ठेवली. अगदी जपून ठेवली.

तरी त्याने एक संधी दिली, हे मी नाकारणार नाही. रविवारपर्यंत थांबला. काका, रोहित, श्रुती यांना म्हणाला, "आत्याला माझ्या घरी न्यायचं तर तिला नागपूरचा उन्हाळा सोसत नाही, आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर. येरवड्याच्या पुढे अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक चांगली जागा बघितलीय. मला त्यात आनंद नाही. तुमच्यापैकी रोज कुणी येणार असेल, आणि तिचं नक्की किती ठीक आहे हे मला समजावलं, तर मी परत विचार करतो."

तिघं तयारीनिशी आले होते. श्रुतीने कागदावर तक्ता केला होता, सोमवार कोण, मंगळवार कोण. त्यात शेजारच्या काकू होत्या, सकाळी मी होते. मीही मनात ठरवलं होतं की दुपारचं दुसरं काम सोडायचं. मॅडम खुर्चीत, कांजीची साडी, घड्याळ आतल्या बाजूला. हे आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना माहीत होतं. श्रुतीने कागदाची घडी उघडली आणि मॅडम म्हणाल्या, "शेवटी कॅप्टन चौकी सोडून जहाजात बसली, ते तिनं बरोबर केलं."

हे कळायला शेवटचा एपिसोड माहीत पाहिजे. कॅप्टनला हुकूम येतो, चौकी बंद करा, परत या. ती जाते. मौसी एकटी दिवे लावून राहते. मॅडमचं मत सगळ्यांना पाठ होतं, कॅप्टनने जायला नको होतं. त्यावरून त्या गेली कित्येक वर्षं तिघांशी भांडत आल्या होत्या.

"काय म्हणालात?" परांजपे काका म्हणाले.

"बरोबर केलं. हवा संपत आली होती. उगीच नाटक किती करायचं?"

"अहो पण मॅडम, तुम्हीच म्हणायचात ना की हा लेखकांचा पळपुटेपणा आहे," रोहित म्हणाला.

"मी असं कधी म्हटलं नाही."

"कधी म्हटलं नाही?" काका खुर्चीत सरळ झाले. "मागच्या पावसाळ्यात तुम्ही मला या मुद्द्यावरून घराबाहेर काढलं होतंत."

"चुकीच्या वेळी आला असाल."

अभिजीतने विचारलं, "काका, हे सगळं खोटंच आहे ना पण? म्हणजे चौकी वगैरे?"

परांजपे काका इतके दुखावले की त्यांना भान राहिलं नाही. "खोटं कसं? पाच सीझन आहेत. तिसऱ्या सीझनपासून कॅप्टनची एक भूमिका आहे, ती अशी शेवटी बदलत नाही."

आणि रोहित उठला. त्याला वाटलं तो मॅडमच्या बाजूने लढतोय, त्यांची खरी बाजू मांडतोय. त्याने वही काढली, पानं उलटली. "हे बघा. 'कॅप्टनने जायला नको होते. दिवे बघायला माणूस पाहिजे. लागला नाही.' हे पुन्हा इथं. हे तिसऱ्यांदा. मॅडम, तीन वेळा लिहिलंय तुम्ही."

मॅडमनी वही घेतली. चष्म्याजवळ धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे माझं अक्षर नाही," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं, मॅडम, तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं, सोमवारी, ओट्यापाशी. पण ते सांगितलं तर त्या विसरल्या हे सिद्ध. नाही सांगितलं तरी तेच. मी हातातल्या ताटलीकडे बघत राहिले.

अभिजीत हळूच म्हणाला, "पुरे. नका आता तिला दमवू." श्रुतीच्या हातात तो तक्ता तसाच होता. तो कुणी मागितला नाही आणि तिने पुढे केला नाही. वाद काकांनी जिंकला होता. जिन्यात चपला घालताना त्यांना ते कळलं. त्यांनी कठडा धरला आणि म्हणाले, "आपण काय करून बसलो रे रोहित." 

मी कप विसळत होते तेव्हा मॅडम स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "हवा किती उरलीय ते कॅप्टनलाच माहीत असतं, शालन. बाकीचे नुसते वाद घालतात." मी त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, या सगळं समजून बोलत होत्या. अभिजीतला सोपं जावं म्हणून त्यांनी आपलं मत बदललं, आणि या तिघांनी ते बदलू दिलं नाही. मी काही विचारणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "चहा ठेवतेस ना? मघापासून कुणी चहा दिला नाही मला." त्यांच्या हातात अर्धा प्यालेला कप होता.

तेव्हापासून मी याचा विचार करते. भाजी निवडताना, बसमध्ये. त्या विसरल्या होत्या की कबूल झाल्या होत्या? मला एवढंच दिसतं की दोन्हीपैकी काही असलं तरी मी दारात उभीच होते.

पंधरा दिवसांत घर रिकामं झालं. टीव्ही अभिजीतने त्या जागेला देऊन टाकला, आत्याला बघता येईल म्हणून. वही मी मागितली नाही. त्यानेच दिली. "तुमचं अक्षर आहे," म्हणाला.

काका येरवड्याला दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा मॅडमनी त्यांना बँकेचे लोक समजून परत पाठवलं, मग त्यांचा धीर झाला नाही. रोहितची बदली बंगळुरूला झाली. श्रुतीची परीक्षा. मी तीन महिन्यांनी गेले, गुरुवारी, सुट्टी काढून. वारज्याहून मनपा स्टँड, तिथून दुसरी बस. मी तोपर्यंत येरवड्याला कधी गेले नव्हते. दोघांना पत्ता विचारावा लागला, तेच मला जड गेलं.

जागा स्वच्छ होती. लांब व्हरांडा, बाकं, कुंड्या. मॅडमचा टीव्ही आतल्या हॉलमध्ये भिंतीवर होता, त्यावर भजनाचं चॅनेल चालू होतं आणि समोर कुणी नव्हतं. मॅडम व्हरांड्यात एका बाकावर बसल्या होत्या. साडी नाही, गाऊन. केस बारीक कापलेले. मनगटावर घड्याळाच्या जागी कातडीचा पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुणाकडे आलात आपण?"

नऊ वर्षांत त्यांनी मला आपण म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "वाघमारे मॅडमकडे."

"त्या होय. त्या वर असतील." त्यांनी मागच्या जिन्याकडे बोट केलं. "पण आज भेटतील असं वाटत नाही. त्यांच्याकडे माणसं येतात, त्या गडबडीत असतात. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही. सहज."

"सहज आलेलं त्यांना चालत नाही." त्या थोड्या माझ्याकडे झुकल्या. "सांगते म्हणून ऐका. बाई मनाने वाईट नाही, पण जिभेची तिखट आहे. तुम्ही गरीब दिसता. बोलली काही, तर मनाला लावून घेऊ नका."

"नाही घेणार," मी म्हटलं.

"मग बसा. उभ्या काय राहिलात? येतील खाली केव्हातरी."

त्यांनी सरकून जागा केली. मी बसले. बाक अरुंद होतं, त्यांचा दंड माझ्या दंडाला लागत होता. आतून भजन ऐकू येत होतं. एकदोनदा जिन्यात पाऊल वाजलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मान वर करून पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. अशा आम्ही दोघी वाघमारे मॅडमची वाट बघत बसलो.

चारच्या सुमाराला आतल्या मुलीने चहासाठी टाळी वाजवली. मॅडम उठल्या. म्हणाल्या, "आज काही येत नाहीत त्या. तुम्हाला लांब जायचं असेल तर निघा, मी सांगेन कुणी येऊन गेलं म्हणून." मग जरा थांबून, "नाव काय सांगू?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून, आणि आत जाणाऱ्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.